मोठ्या टायरांसाठी पिकअप किती आणि कशी उचलावी?

खानापूर तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी २०१७ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही फोर बाय फोर पिकअप जुनी विकत घेतली असून तिला मूळच्या २४५/७० आर १६ मापाचे टायर आहेत. आठवड्यातून तीन-चार दिवस हौद्यात चार-पाचशे किलो काजू, भात किंवा खत घेऊन जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जावे लागते, आणि अधूनमधून चोर्ला घाटातून गोव्यालाही फेरी असते. त्यांना २६५/७५ आर १६ मापाचे टायर बसवायचे आहेत, त्यासाठी गाडी दोन इंच उचलायची आहे आणि टायरांसह सगळा खर्च ८०,००० रुपयांत बसवायचा आहे. स्वस्तातले तयार किट मागवावे, की बेळगावात उद्यमबागेत लेथवर स्पेसर (उंची वाढवायला मध्ये घालायच्या धातूच्या चकत्या) करून घ्यावेत, असे ते विचारतात. बावीस वर्षे याच भागात सस्पेन्शनचे काम करत असल्यामुळे मी थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नात किटची निवड ही शेवटची पायरी आहे आणि बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

पहिल्यांदा टायरचे माप कागदावर मांडावे. २४५/७० आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो. २६५/७० आर १६ चा व्यास ७७७ आणि २६५/७५ आर १६ चा ८०४ मिलिमीटर होतो. गाडीची उंची मात्र व्यासाच्या नव्हे, त्रिज्येच्या फरकाने वाढते. म्हणजे मधल्या मापाने १४ आणि आपल्या मनातल्या मापाने २७ मिलिमीटर. मोठ्या मापाने चाकाचा परीघ ७.३ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे मीटरवर काटा त्याच आकड्यावर असताना प्रत्यक्ष वेग मूळ टायरांच्या मानाने तितक्याच टक्क्यांनी अधिक असतो आणि किलोमीटर मात्र कमी नोंदले जातात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याच प्रमाणात प्रत्येक गिअर लांब होतो. कणकुंबीच्या चढावर भरलेली गाडी आज ज्या गिअरमध्ये निवांत चढते, तिथे उद्या एक गिअर खाली यावे लागेल आणि क्लच तापेल. उतारावर तोच ब्रेक मोठ्या त्रिज्येच्या चाकाला थांबवत असल्यामुळे पायाखाली जोरही जास्त लागेल. २६५/७० आर १६ मध्ये हा फरक ३.७ टक्क्यांवर थांबतो, आणि तो रोजच्या वापरात फारसा जाणवत नाही.

माझे मत इथेच सांगून टाकतो. माल वाहणाऱ्या आणि घाट चढणाऱ्या गाडीला २६५/७० आर १६ हे माप पुरेसे आहे. त्यासाठी दोन इंचांची लिफ्ट लागत नाही. आणि वाचलेले पैसे शॉकॲब्सॉर्बर, बुश (सांध्यांतली रबरे) व अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) यांवर घातले, तर आपल्याला हवी असलेली गाडी अधिक खात्रीने मिळते. तरीही पुढचे सगळे लिहितो, कारण २६५/७५ चा हट्ट धरलात तर निदान तो कुठे महाग पडतो ते ठाऊक असावे.

लिफ्टबद्दल दोन गैरसमज गॅरेजमध्ये रोज ऐकू येतात. पहिला असा, की लिफ्ट केली की गाडीचे पोट सगळीकडून वर जाते. चासी, इंजिनखालचे पत्रे आणि पायदान वर जातात हे खरे. पण मागचा एक्सल आणि त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) फुगवटा चाकांना जोडलेला असतो, त्यामुळे सस्पेन्शन कितीही उचलले तरी तो जमिनीपासून एक मिलिमीटरही वर येत नाही. बैलगाडीच्या चाकोरीत मधला उंचवटा घासतो तो बहुधा याच जागी, आणि तिथे उपाय फक्त टायरची त्रिज्या हाच आहे. दुसरा गैरसमज असा, की लिफ्ट केली की मोठा टायर घासणार नाही. सपाट रस्त्यावर उभी असताना गाडी उंच दिसते आणि मडगार्डमध्ये हाताची मूठ जाते. पण भरलेली गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा चाक शेवटी रबरी बंपस्टॉपला टेकेपर्यंत वर जाते, आणि ती जागा स्पेसर टाकल्याने बदलत नाही. म्हणजे जो टायर पूर्ण दाबल्यावर मूळ गाडीत घासत होता, तो उचललेल्या गाडीतही तिथेच घासतो. फक्त तिथवर पोहोचायला त्याला जास्त वेळ लागतो. स्टिअरिंगचा पूर्ण कट मारल्यावर मडगार्डच्या मागच्या प्लॅस्टिकला, मडफ्लॅपला किंवा केबिनच्या पुढच्या माउंटिंगजवळ टायर लागतो, त्याचे कारण टायरची रुंदी आणि रिमचा ऑफसेट, म्हणजे रिम किती आत किंवा बाहेर बसते, हे असते. तिथे प्लॅस्टिक कापणे, क्लिपा मागे घेऊन ते पुन्हा बसवणे किंवा बंपस्टॉपला जाड पॅकिंग देणे हेच उपाय आहेत. बाहेर निघालेले रुंद रिम दिसायला रुबाबदार असले, तरी टायर मोठ्या वर्तुळात फिरवून ते घासणे वाढवतात आणि व्हील बेअरिंगवरही ताण आणतात. म्हणून मूळ रिमच ठेवावेत. मात्र २६५/७० आर १६ साठी रिमची रुंदी ७ ते ९ इंच असावी लागते, तेव्हा रिमवर कोरलेले माप आधी वाचून घ्यावे.

आपल्या भागापुरती एक गोष्ट यात मिळवावी लागते, ती म्हणजे चिखल. खानापूर-जांबोटीची तांबडी माती पावसात घसरडी होते, पण ती टायरवरून धुऊन निघते. तिथे खरा धोका जांभ्याच्या धारदार दगडांनी टायरच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, पडणाऱ्या चिरांचा असतो. चिकोडी, रायबाग, अथणीकडची काळी माती मात्र वेगळीच वस्तू आहे. उसाच्या फडातून गाडी बाहेर काढली की टायरवर आणि मडगार्डच्या आत मातीचा बोटभर जाड थर चिकटलेला असतो आणि तो वाळला की दगडासारखा होतो. कोरड्या गॅरेजमध्ये टायर आणि प्लॅस्टिक यांच्यात एक बोट जागा दिसली म्हणून फिटिंग पास करणाऱ्याला ही माती माहीत नसते. मी स्वतः पूर्ण कट मारून किमान दोन बोटे जागा राहिल्याशिवाय टायर पास करत नाही. आपल्या तांबड्या मातीच्या आणि घाटाच्या वापराला ऑल टेरेन नक्षीचा, मजबूत कुशीचा टायर योग्य होईल. मड टेरेन टायर डांबरी रस्त्यावर आवाज करतो, ओल्या घाटात ब्रेकला कमी धरतो आणि जड असल्याने शॉकॲब्सॉर्बरला दमवतो. टायर घेताना मापाबरोबर लोड इंडेक्सही वाचावा. ११२ हा आकडा असेल तर एका टायरची वहनक्षमता ११२० किलो असते. मूळ टायरवरील आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर, कितीही स्वस्त मिळाला, तरी पिकअपला लावू नये.

आता पुढच्या बाजूकडे वळतो, कारण स्वस्त लिफ्टमधल्या बहुतेक चुका तिथे होतात. व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वरून-खालून धरणारे दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग आहे. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला हा स्ट्रट खालच्या आर्मवर चाकापासून बराच आत बसतो. त्यामुळे स्ट्रटच्या टोपीवर जितक्या जाडीचा स्पेसर टाकाल, त्याच्या साधारण दीडपट ते दुप्पट उंची चाकापाशी मिळते. हा साधा तरफेचा हिशेब आहे, आणि तो मी पैसे मोजून शिकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी अशाच रचनेच्या एका पिकअपसाठी मी ५० मिलिमीटर जाडीचे स्पेसर लेथवर करून घेतले, कारण गिऱ्हाइकाला ‘दोन इंच’ हवे होते. गाडी पुढून नव्वदच्या आसपास उचलली गेली. चाकाला खाली यायला जागाच उरली नाही, आर्म आधीच शेवटच्या टोकाला लटकले होते. अलाइनमेंट यंत्रावर कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा कोन) मर्यादेत येईना, आणि तरीही मी ‘चालवून बघा’ म्हणून गाडी दिली. एका पावसाळ्यात दोन्ही सीव्ही बूट (पुढची चाके फिरवणाऱ्या सीव्ही जॉइंटवरची रबरी आवरणे) फाटले, आत चिखल गेला, आणि एका बाजूचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यातला सांधा) सैल होऊन गाडी परत आली. दुरुस्तीचा खर्च मी सोसला आणि स्पेसर भंगारात घातले. तेव्हापासून कोणी ‘किती इंची किट’ म्हणाले, की मी आधी विचारतो, ती उंची स्पेसरची की चाकापाशी मोजलेली?

स्वस्त पर्यायांत दोन प्रकारचे स्पेसर मिळतात आणि दुकानदार ते एकच असल्यासारखे विकतात. एक स्ट्रटच्या टोपीवर, म्हणजे चासीच्या कप्प्यात बसतो. त्यात स्प्रिंगचा ताण बदलत नाही, त्यामुळे गाडी मूळच्यासारखीच मऊ चालते. पण संपूर्ण स्ट्रट खाली ढकलला जातो, त्यामुळे चाक लटकताना आर्म, बॉल जॉइंट आणि सीव्ही जॉइंट मूळच्यापेक्षा तिरपे होतात आणि चाक पूर्ण दाबले गेल्यावर शॉकॲब्सॉर्बर आतून तळाला आपटू शकतो. दुसरा स्पेसर स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये बसतो. त्यात चाकाची खालची मर्यादा बदलत नाही, म्हणून सांधे सुरक्षित राहतात. पण स्प्रिंग आधीच दाबून बसवलेली असल्याने चाकाची खाली जायची चाल कमी होते, आणि खड्ड्यातून बाहेर येताना पुढून ‘टक्’ असा आवाज यायला लागतो. हा दुसरा प्रकार बसवताना स्प्रिंग कंप्रेसर नीट नसेल तर काम जिवावर बेतणारे असते. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये साखळीने स्प्रिंग आवळणारा फिटर दिसला तर तिथून गाडी उचलून आणावी.

या दोहोंपेक्षा चांगला, थोडा महाग मार्ग म्हणजे किंचित उंच आणि कडक स्प्रिंगबरोबर त्याच चालीला जुळणारे नवे शॉकॲब्सॉर्बर घालणे. आपली गाडी जुनी आहे. तिचे मूळ शॉकॲब्सॉर्बर बहुधा थकलेले असणार आणि स्प्रिंगाही बसलेल्या असणार. थकलेल्या स्ट्रटवर स्पेसर चढवणे म्हणजे जुन्या भिंतीवर नवा मजला बांधण्यासारखे आहे. मी अनेकदा पाहिले आहे, की नुसत्या नव्या स्प्रिंगा घातल्यावर बसलेली गाडी दहा-पंधरा मिलिमीटर आपोआप वर येते आणि २६५/७० चा टायर त्यातच बसून जातो.

लेथवरच्या स्पेसरबद्दल विचारलेत म्हणून सांगतो. उद्यमबागेतले यंत्रकाम उत्तम असते, त्याबद्दल शंका नाही; शंका असते ती धातूबद्दल आणि रेखाटनाबद्दल. भंगार वितळवून ओतलेल्या ॲल्युमिनियममध्ये पोकळ्या राहतात, म्हणून स्पेसर ओतीव नको, घन गजातून कातलेला हवा. वेल्डिंगने जोडून उंच केलेला कोणताही भाग नको. आणि मूळ टोपीचा उतार, बोल्टांची जागा व लांबी जशीच्या तशी उतरलेली हवी. हे सगळे जमणार असेल तर स्थानिक स्पेसरला माझा विरोध नाही, पण जाडी २५ मिलिमीटरच्या आतच ठेवावी. एवढ्यात चाकापाशी सुमारे ४० मिलिमीटर मिळतात आणि या कामाला त्याहून अधिक नकोच. त्यापुढे गेल्यास पुढचा डिफरन्शियल खाली घेणे, वरचे आर्म बदलणे, ब्रेक होस लांब करणे अशी साखळी सुरू होते, आणि मग ‘स्वस्त’ हा शब्द उरत नाही.

मागच्या बाजूला पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असल्यामुळे काम सोपे वाटते, आणि म्हणूनच तिथे जुगाड जास्त होतो. एक्सल आणि पाटे यांच्या मध्ये ठोकळा घालणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. २५ मिलिमीटरचा, मध्यभागी सेंटर बोल्टसाठी नीट खाच असलेला एकच घन ठोकळा मी मागे मान्य करतो. दोन ठोकळे एकावर एक कधीही नाहीत, आणि पुढेही पाटे असलेल्या गाड्यांच्या स्टिअरिंगच्या एक्सलवर तर ठोकळा मुळीच नाही, कारण ब्रेक लागताना तो निसटला तर स्टिअरिंगच हातातून जाते. ठोकळ्याबरोबर एक्सल आणि पाटे आवळून धरणारे यू बोल्ट नवे आणि योग्य लांबीचेच घ्यावेत. एकदा ताणलेले यू बोल्ट पुन्हा वापरू नयेत. लांब शॅकल (पाट्याचे टोक चासीला जोडणारी कडी) घालण्याची पद्धतही आहे, पण शॅकल जितका लांबवाल त्याच्या निम्मीच उंची मिळते, एक्सलचा कोन फिरतो, आणि वळणावर गाडीचे शेपूट डुलू लागते. वाढीव पाटा घालणे हे नेहमी भरून चालणाऱ्या गाडीला चांगले. आपल्यासारखी गाडी निम्मे दिवस रिकामी फिरत असेल तर हौदा उड्या मारेल आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके पकड सोडतील.

जुन्या पाट्यांना भट्टीत तापवून पुन्हा कमान देण्याचे काम आपल्याकडे ट्रक आणि ट्रॉलीवाले सर्रास करून घेतात. त्यात फसगत अशी, की पाट्याचे स्प्रिंग स्टील नुसते तापवून ठोकले तर कमान येते, पण चिवटपणा जातो. ठरावीक तापमानाला नेऊन तेलात विझवणे आणि पुन्हा सौम्य तापवणे ही क्रिया नीट झाली नाही, तर पाटा चार-सहा महिन्यांत पुन्हा बसतो किंवा सेंटर बोल्टपाशी तडकतो. त्यापेक्षा नवा पाटा, नवे बुश आणि नव्या शॅकल पिना घालाव्यात.

मागे उंची वाढवताना एक भाग जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. अनेक पिकअपांत मागच्या ब्रेकला मिळणारा दाब ओझ्याप्रमाणे कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह चासीवर असतो आणि त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. हौद्यात ओझे आले की चासी खाली येते, दांडी वळते आणि मागचे ब्रेक जोराने लागतात. मागून गाडी उचलली की या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच आहे असे वाटते, आणि पाचशे किलो भरून चोर्ल्याचा उतार उतरताना मागचे ब्रेक अर्धवट काम करतात. सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडून ते तापतात. हा व्हॉल्व्ह आपल्या गाडीवर आहे का, हे फिटरला खाली झोपून बघायला सांगावे आणि असल्यास दांडीची बैठक वाढवलेल्या उंचीइतकी हलवून घ्यावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण ते न झालेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत.

रिकामी पिकअप मागून किंचित उंच असते, ती ओझे भरल्यावर समपातळीत यावी म्हणून. पुढून जास्त आणि मागून काहीच न उचलता गाडी ‘लेव्हल’ करण्याची हौस असते. तशी गाडी भरली की नाक वर करते आणि तिचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी रस्त्यावर रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेसमोर असे दिवे घेऊन जाणे किती धोक्याचे, हे आपल्याला सांगायला नको. उंची बदलल्यावर दिव्यांचा झोत खाली घेणे आणि अलाइनमेंट करणे ही दोन कामे त्याच दिवशी व्हावीत. अलाइनमेंटवाल्याकडून फक्त ‘टो’ सरळ करून घेऊन समाधान मानू नये. उचललेल्या गाडीत कॅस्टर कमी होतो आणि महामार्गावर स्टिअरिंग भिरभिरते, म्हणून टो, कॅम्बर आणि कॅस्टर या तीनही कोनांचा छापील कागद मागून घ्यावा.

बॉडी आणि चासी यांच्या मध्ये गुटके घालून बॉडी उचलण्याचा पर्याय मी आपल्याला सुचवतच नाही. त्यात सस्पेन्शन सुधारत नाही आणि स्टिअरिंग शाफ्टपासून रेडिएटरच्या पंख्याच्या कव्हरापर्यंत सगळे बिघडते.

कायद्याची बाजू टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो, ही गोष्ट वेगळीच. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी, आणि हे करायची तयारी नसेल तर मूळ मापाचाच चांगला ऑल टेरेन टायर व नवे शॉकॲब्सॉर्बर एवढ्यावर थांबावे. तांबड्या मातीतली निम्मी अडचण त्यानेच सुटते.

८०,००० रुपयांचा हिशेब मग असा बसतो. टायर चार नव्हेत, पाच घ्यावे लागतात, कारण वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून गाडी फोर बाय फोरमध्ये चालवणे ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) घातक आहे. या पाचांतच निम्म्याहून अधिक रक्कम जाईल. उरलेल्यातून आधी चारही शॉकॲब्सॉर्बर आणि मागचे बुश, मग पुढच्या स्प्रिंगा किंवा पातळ स्पेसर, मग मागचा २५ मिलिमीटरचा ठोकळा व नवे यू बोल्ट, आणि शेवटी अलाइनमेंट. पैसे मध्येच संपले तर शेवटून दुसरी वस्तू वगळावी, पहिली नाही. अलाइनमेंट तर कोणत्याही हिशेबात वगळता येत नाही.

काम सुरू होण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. जमिनीपासून मोजू नये, कारण त्यात टायरची उंची मिसळते. एकदा रिकामी आणि एकदा नेहमीचे ओझे भरून, अशी दोन्ही मापे घ्यावीत. काम झाल्यावर एक पुढचे चाक शेताच्या बांधावर चढवून गाडी तिरपी उभी करावी, दोन्ही बाजूंना पूर्ण कट मारावा आणि कुणाला तरी वाकून टायर कुठे लागतो ते बघायला सांगावे. हीच परीक्षा ओझे भरून पुन्हा करावी, कारण रिकाम्या गाडीने दिलेला निकाल अर्धाच असतो. चाकांचे नट शंभर किलोमीटरनंतर आणि यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्यावेत. त्या वेळी गाडी जॅकवर नव्हे, चारही चाकांवर उभी असावी, आणि पुढच्या सीव्ही बुटांवरून एकदा बोट फिरवून ग्रीस बाहेर आले आहे का तेही पाहावे.